सह्याद्रीत रात्र अडली तर: सव्वासात किलोंची सॅक कशी भरायची

सह्याद्रीतल्या ट्रेकवर संकट सहसा अचानक कोसळत नाही, ते टप्प्याटप्प्यानं येतं. पायथ्याच्या गावातून निघायलाच उशीर होतो. उतरताना ढोरवाटेला खरी वाट समजून गट अर्धा तास भलतीकडे जातो. चारच्या सुमारास धुकं उतरतं आणि बघता बघता अंधार पडतो. मग कुणीतरी म्हणतं, "ते बघ खाली गावाचे दिवे, सरळ उतरून जाऊ." दिवे दिसतात, पण मधला कडा दिसत नाही.

अशा वेळी जागच्या जागी बसून सकाळ होऊ देणं हा जवळजवळ नेहमीच सगळ्यात शहाणपणाचा निर्णय असतो. तो घेतला जात नाही, कारण अंगावर ओला टी-शर्ट असतो, बाटलीत दोन घोट पाणी असतं आणि मोबाइल दहा टक्क्यांवर आलेला असतो. थांबणंच भीतीचं वाटू लागतं, म्हणून माणसं चालत राहतात. या लेखातली सॅक त्यासाठीच आहे: दोन दिवस आणि दोन रात्री उघड्यावर तग धरता यावा आणि "थांबू या" असं निर्धास्तपणे म्हणता यावं. तिच्यात आरामाची सोय नाही. हुडहुडी न भरता, तहानेनं व्याकूळ न होता आणि शोधणाऱ्यांना सापडेल अशा तऱ्हेनं वेळ काढणं, एवढंच तिचं काम.

आणि ती हलकीच हवी. पंधरा किलोंची परिपूर्ण सॅक पहिल्याच खड्या चढावर गुडघे मोडते, वेग कमी करते आणि रात्र अडण्याची शक्यता वाढवते. शिवाय जड सॅक लोक दुसऱ्या ट्रेकला घरीच ठेवतात.

पहिली पायरी: ऋतू आणि वाट पाहून ठरवा

एकच यादी बारा महिने चालत नाही. जून ते सप्टेंबर मुख्य शत्रू म्हणजे ओलं अंग आणि वारा. जुलैत घाटमाथ्यावर तापमान फारसं खाली जात नाही, म्हणून थंडी बाधणार नाही असं लोक समजतात. पण भिजलेल्या कपड्यांवर तासन् तास वारा लागला की अंगातली ऊब झपाट्यानं जाते. दात वाजणं, बोलणं अडखळणं, बोटांना गाठ न मारता येणं ही लक्षणं पावसाळी सह्याद्रीतही दिसतात. याच दिवसांत ओढे अडवतात. अर्ध्या तासाच्या जोरदार सरीनं सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा कमरेपर्यंत चढतो. उतार तीव्र असल्यानं पाऊस थांबला की हेच ओढे बहुधा काही तासांत ओसरतातही. तेवढे तास अलीकडच्या काठावर कोरडं बसता आलं पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत प्रश्न रात्रीच्या लांबीचा असतो. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातनंतर उगवतो. म्हणजे अंधाराचे आणि थंडीचे तेरा तास. मार्च ते मे सगळं पाण्याभोवती फिरतं: कित्येक किल्ल्यांवरची टाकी आटलेली किंवा शेवाळलेली असतात, कातळ तापलेला असतो आणि सावली नसते.

वाटेचाही विचार हवा. राजगडाच्या पद्मावती माचीवर अडकलात तर मंदिर आहे, माणसांची ये-जा आहे. पण अंधारबनासारख्या लांब जंगलवाटेवर किंवा एखाद्या मोडक्या घाटवाटेच्या मधोमध अडकलात तर तुम्ही आणि तुमची सॅक, बस्स. हा लेख त्या दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे.

दुसरी पायरी: सॅक आणि वजनकाटा

पंचवीस ते तीस लिटरची सॅक पुरते. मोठी घेतली की मोकळी जागा भरायचा मोह होतो. खांद्याचे पट्टे रुंद असावेत, छातीचा आणि कमरेचा पट्टा असावा आणि रिकामी सॅक आठशे ग्रॅमच्या आसपास असावी. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा लाल. काळी किंवा मातकट हिरवी सॅक कारवीच्या रानात वीस पावलांवरूनही दिसत नाही.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि प्रत्येक वस्तू तोलून कागदावर लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण सॅक हलकी करण्याचा दुसरा उपाय मला माहीत नाही. स्टीलची बाटली, चामडी पाकीट, प्रसाधनांचा डबा, जाड टॉवेल यांचे आकडे समोर आले की ते आपोआप घरी राहतात.

माझा हिशेब असा बसतो. सॅक ८०० ग्रॅम, आतली मोठी प्लास्टिक पिशवी ५०, ताडपत्री ५४०, दोरी १००, कोरड्या कपड्यांचा संच ६८०, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट ६०, फोमचा तुकडा १५०, पॉन्चो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) ३००, दोन दिवसांचं खाणं ७००, टॉर्च-शिट्टी-पॉवरबँक ३५०, प्रथमोपचार ३००, किरकोळ सामान २००. एकूण ४ किलो २३० ग्रॅम. त्यात तीन लिटर पाणी आणि बाटल्या मिळून ३ किलो १०० ग्रॅम. म्हणजे सव्वासात किलोंहून थोडं जास्त. नेहमीच्या ट्रेकरला हे ओझं दिवसभर पेलतं, आणि पाणी पीत जाल तसं ते कमीही होतं.

तिसरी पायरी: आधी कोरडं राहणं

बाजारात मिळणारं सॅकवरचं रेनकव्हर पुरेसं नाही. पाठीच्या बाजूनं पाणी शिरतं आणि वाऱ्यानं कव्हर उडूनही जातं. सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घाला, तिच्यात सगळं सामान भरा आणि तोंड पिळून दुमडा. कचऱ्याची जाड पिशवी चालते. युरियाच्या पोत्यातलं स्वच्छ धुतलेलं आतलं प्लास्टिक तर उत्तम, ते सहसा फाटत नाही. कपडे, औषधं, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांना पुन्हा स्वतंत्र झिपलॉक पिशव्या. मुसळधार पावसात ही दुहेरी काळजीच कामी येते.

कोरड्या कपड्यांचा संच म्हणजे एक पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक किंवा लोकरी थर, एक हलकी पँट, लोकरी मोजे, कानटोपी. कायम लक्षात ठेवायचा नियम एकच: हा संच चालताना घालायचा नाही. भिजलात, थंडी वाजतेय, तरी चालत असाल तोवर ओल्याच कपड्यांवर पॉन्चो घालून चाला. मुक्काम पक्का झाला, आडोसा बांधून झाला की मगच ओले कपडे उतरवायचे आणि कोरडा संच चढवायचा. तो एकदा भिजला की दुसरा नाही.

जीन्स आणि जाड सुती कपडे घरीच ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की ऊब देत नाही. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब टिकवते. धनगरांची घोंगडी या डोंगरात पिढ्यान् पिढ्या का टिकली ते यातून कळतं. तिच्याइतकं विश्वासू पांघरूण मी पाहिलेलं नाही, पण तिचं वजन आपल्या हिशेबात बसत नाही. तिच्याऐवजी पातळ फ्लीस आणि कानटोपी घ्या. जागा उरली तर वर्तमानपत्राचे चार कोरडे कागद प्लास्टिकमध्ये ठेवा. शर्टाच्या आत छातीवर आणि पाठीवर सरकवले की वारा अडतो.

चौथी पायरी: आडोसा

तंबू नको. दोन बाय तीन मीटरची, नव्वद जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला नव्वद ग्रॅम भरणारी) सिल्पॉलिन, म्हणजे प्लास्टिकची, ताडपत्री घ्या. शेतीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात कापून मिळते. निळी किंवा नारिंगी घ्या, म्हणजे समोरच्या डोंगरावरूनही नजरेत भरेल. चारही कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर छिद्रांच्या रिंगा असाव्यात. प्रत्येक रिंगेत हातभर दोरी घरीच बांधून ठेवा. गारठलेल्या बोटांनी अंधारात गाठी मारणं फार अवघड असतं.

सोबत चार मिलिमीटर जाडीची दहा मीटर दोरी. ही ताडपत्री बांधायची दोरी आहे. हिच्यावर कुणीही लोंबकळायचं नाही, कुणाला उतरवायचंही नाही. रॉक पॅचसाठी, म्हणजे उभ्या कातळटप्प्यासाठी, लागणारी दोरी, हार्नेस आणि ते वापरण्याचं शिक्षण ही वेगळी गोष्ट आहे, आणि शिक्षण नसेल तर अशा वाटेला जाऊच नका.

जागा निवडताना घाई करू नका, उजेड असतानाच निवडा. ओढ्याचं पात्र, नाळ, घळ, दरड कोसळण्याच्या खुणा असलेला उतार आणि कड्याखालची सुट्या दगडांची जागा टाळा. गवतात ताज्या दगडांचा खच दिसला तर वरून दगड येताहेत हे ओळखा. उघडा माथा, बुरूज, ध्वजस्तंभ आणि एकटं उंच झाड विजेच्या काळात धोक्याचं. मे-जूनच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हे विशेष लक्षात ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' अ‍ॅप निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, ते आसपासच्या विजांची सूचना देतं. गुहा दिसली तर आत शिरण्यापूर्वी छताकडे आणि कड्याकडे बघा. आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर आवाज न करता, टॉर्च न मारता मागे फिरा.

वारा फार असेल तर ताडपत्री उंच ताणायचा हट्ट सोडा. मोठ्या दगडाला पाठ लावून बसा, ताडपत्री दुहेरी करून अंगाभोवती घ्या, कड खाली दाबून बसा आणि श्वासासाठी समोर फट ठेवा. दोघंतिघं असाल तर एकमेकांना चिकटून बसा. संकोच बाजूला ठेवा, त्यातून मिळणारी ऊब कुठल्याही जॅकेटपेक्षा जास्त आहे.

लोक वरून पांघरतात आणि खालचं विसरतात. ओली जमीन रात्रभर अंगातली ऊब खेचत राहते. त्यासाठी तो फोमचा तुकडा: जुनी योगा मॅट अर्धी कापली की झालं. ती कमरेखाली आणि पाठीखाली घ्या. पायांखाली दोरी आणि ओले कपडे टाका आणि पाय रिकाम्या सॅकमध्ये घाला. चंदेरी ब्लँकेट ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं, अंगाभोवती. उघड्या वाऱ्यात ते तासाभरात फाटतं आणि त्याच्या फडफडाटानं झोपही लागत नाही.

पाचवी पायरी: पाणी

निघताना माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात चार. साध्या प्लास्टिकच्या एक लिटरच्या बाटल्या सगळ्यात हलक्या, आणि तीन वेगवेगळ्या असल्या की एक फुटली तरी दोन उरतात. परतीसाठी एक लिटर राखून ठेवा. पण खरंच अडकलात तर तहान मारून बाटली जपू नका. थोडं थोडं पीत राहा आणि उन्हातली हालचाल कमी करा, घाम वाचवणं जास्त उपयोगी.

गडावरच्या टाक्यांपैकी पिण्याचं टाकं कुठलं ते निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावातच विचारा. "मामा, वर पाणी हाय का? कुठल्या टाक्याचं पिताय?" हा प्रश्न कुठल्याही नकाशापेक्षा ताजी माहिती देतो. तरीही ते पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

पद्धत सोपी आहे. आधी गाळा, मग क्लोरीन. जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या सुती साडीचा हातभर तुकडा सोबत ठेवा आणि चौपदरी करून त्यातून पाणी गाळा. बांगलादेशातल्या गावांत झालेल्या अभ्यासात अशा चौपदरी साडीतून गाळलेल्या पाण्यानं कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. जुनं कापडच घ्या, कारण सारख्या धुण्यानं धागे मोकळे होऊन त्याची छिद्रं बारीक होतात. गाळण्यानं सगळे जंतू जात नाहीत, म्हणून पुढं क्लोरीनची गोळी किंवा थेंब, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. मग अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग होत नाही. क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं आणि जंतू राहतात. पावसाळ्यात ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी बाटलीत धरता येतं. पहिल्या धारेनं ताडपत्री धुऊ द्या, मग बाटली लावा.

ओआरएसची किमान चार पाकिटं घ्या. मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळायचं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकणं चुकीचं, त्यात मिठाचं प्रमाण बिघडतं. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटं संपली तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

सहावी पायरी: खाणं

दोन दिवसांच्या अडचणीत उपाशी राहून कुणी मरत नाही, म्हणून खाण्याचा क्रमांक पाण्यानंतर. पण पोटात काही असलं तर अंग गरम राहतं आणि डोकं ठिकाणावर राहतं. स्टोव्ह, गॅस, भांडी, नूडल्स हे सगळं वगळा. शिजवावं लागतं त्याला पाणी, इंधन आणि वारा नसलेली जागा लागते, आणि नेमकं तेच नसतं.

गोष्टींतले प्रवासी तहानलाडू-भूकलाडू घेऊन निघायचे, आपली यादीही त्याच धाटणीची. २०० ग्रॅम सातूचं पीठ, गूळ घालून झिपलॉकमध्ये. त्याच पिशवीत पाणी ओतून कालवलं की भांडंही लागत नाही. १५० ग्रॅम शेंगदाण्याची चिक्की, १५० ग्रॅम शेंगदाणा-गुळाचे लाडू, २०० ग्रॅम खजूर. एकूण ७०० ग्रॅममध्ये साधारण अठ्ठावीसशे कॅलरी मिळतात. बसून राहणाऱ्या माणसाला दोन दिवस तेवढं चालतं. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, म्हणून वजनाच्या हिशेबात त्याला तोड नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तीळ, काजू-बदाम किंवा राजगिऱ्याकडे वळावं.

चिवडा, फरसाण, लोणचं, ठेचा या शिदोरीत नको. खारट-तिखटानं तहान वाढते आणि चिवडा जागाही फार खातो. दुपारचा डबा वेगळा न्या: दशम्या, भाकरी, उकडलेली अंडी, जे आवडेल ते. तो त्या दिवशीच संपवायचा. आणीबाणीची शिदोरी वेगळ्या पिशवीत चिकटपट्टी लावून बंद करा, म्हणजे चढावर "एकच चिक्की" म्हणत ती संपणार नाही. माकडांचा वावर असलेल्या गडांवर ती पिशवी हातात धरून उभं राहू नका.

सातवी पायरी: उजेड, आवाज, संपर्क

मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे. हात मोकळे ठेवणारा हेडटॉर्च घ्या, सोबत नव्या सेलचा एक संच. माणशी एक हेडटॉर्च, गटात एक नव्हे. साठवणीत ठेवताना एक सेल उलटा घाला, म्हणजे सॅकमध्ये चुकून बटण दाबलं जाऊन बॅटरी संपत नाही.

शिट्टी दोरीनं गळ्यात अडकवा. डोंगरातल्या संकटाची रूढ आंतरराष्ट्रीय खूण अशी: एका मिनिटात ठराविक अंतरानं सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. टॉर्चनंही हेच करता येतं. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते.

मोबाइल निघतानाच पूर्ण चार्ज हवा आणि चालताना एअरप्लेन मोडवर. नेटवर्क शोधत बसलेला फोन डोंगरात फार लवकर मरतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, म्हणून परिसराचा नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा. अडकलात तर आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून साध्या एसएमएसनं पाठवा. आवाजाचा फोन तुटतो तिथून एसएमएस कित्येकदा निघून जातो. संदेशात चारच गोष्टी: कुठे आहोत, किती जण, कुणाला काय लागलंय, पाणी किती आहे. त्यानंतर पुढच्या फोनची वेळ ठरवा आणि तोवर फोन बंद ठेवा. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांच्या बचाव पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याची हेल्पलाइन आणि जवळच्या पोलिस ठाण्याचा क्रमांक घरून निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये आणि कागदावर लिहून ठेवा.

परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मराठी ट्रेकर्ससाठी एक महत्त्वाची सूचना. तिकडे सर्रास वापरलं जाणारं सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि विमानतळावरच कारवाई होऊ शकते. ते तिकडेच ठेवून या.

या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सॅकमध्ये भरावी लागत नाही. घरी एका माणसाकडे चिठ्ठी ठेवा: कुठला गड, कुठल्या वाटेनं चढणार, कुठून उतरणार, गाडीचा नंबर, बरोबर कोण आणि "रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी कळव". पायथ्याच्या गावात गाडी लावाल त्या घरीही परतीची वेळ सांगा. शोधणाऱ्यांना कुठल्या बाजूनं सुरुवात करायची हे कळलं तरी कित्येक तास वाचतात.

आठवी पायरी: प्रथमोपचार

तयार पेटी घेऊ नका, त्यात निम्म्या वस्तू निरुपयोगी असतात. आपली बनवा: दोन क्रेप बँडेज, एक त्रिकोणी बँडेज, जखमेवर ठेवायचे जाड निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनची छोटी ट्यूब, चिमटा, पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीसाठी सेट्रिझिन, ओआरएस आणि स्वतःची रोजची औषधं तीन दिवसांची. मधुमेह, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी ही शेवटची गोष्ट कधीही टाळू नये. वेदनेवर इतर जोरदार गोळ्या नकोत: अंगात पाणी कमी असताना त्यातल्या काही मूत्रपिंडाला त्रास देतात आणि साप चावला असेल तर रक्तस्राव वाढवू शकतात. कागदावर रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहून तो या पिशवीत ठेवा.

साप आणि विंचू यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपण जमिनीवर झोपणार आहोत. आपल्याकडे बहुतेक जीवघेणे दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचे. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर फुरशी भरपूर. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तर कित्येकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात. म्हणून ताडपत्रीची कड अंगाखाली घेऊन झोपा, उघड्या गवतात हातपाय पसरू नका आणि बूट झटकल्याशिवाय घालू नका.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही, कुठला पाला लावायचा नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय काठीचा आधार देऊन स्थिर बांधा आणि माणसाला चालवू नका. सर्पदंशावर प्रतिविष हेच औषध आणि ते रुग्णालयातच मिळतं. म्हणून साप चावला तर "थांबू या" हा नियम मोडतो: लगेच फोन करा आणि उचलून नेण्याची तयारी करा. अंधारात कडा उतरण्याची वेळ असेल तर मात्र बचाव पथकाला विचारूनच हला. फोन लागत नसेल तर एकट्याला पाठवू नका, दोघं जा.

कोकणात लाल विंचवाचा दंशही तितकाच गंभीर समजा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि अनेक जीव वाचले. पण हे रक्तदाब उतरवणारं औषध आहे, ते डॉक्टरांनीच द्यायचं, सॅकमध्ये ठेवून स्वतः घ्यायचं नव्हे. भरभरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की दवाखाना गाठा.

जळवांची भीती बाळगू नका. नखानं बाजूला सारा किंवा मीठ लावा, जखम धुवा, झालं.

नववी पायरी: किरकोळ सामान

छोटा चाकू. काडेपेटी आणि लायटर, दोन्ही प्लास्टिकमध्ये. एका डबीत कापराच्या वड्या, कारण ओलसर काटक्या पेटवायला कापरासारखं हलकं आणि खात्रीचं दुसरं काही नाही. सेफ्टी पिना, सुई-दोरा, चिकटपट्टी पेन्सिलीला गुंडाळून. शंभर-पन्नासच्या नोटा, कारण नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. ओळखपत्राची प्रत.

आगीबद्दल थोडं जास्त. अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्यच आहे. फेब्रुवारी ते मे वाळलेलं गवत एका ठिणगीनं डोंगरच्या डोंगर जाळतं. तेव्हा शेकोटी हा मुक्कामाचा भाग समजू नका. एखादा साथीदार गारठून बेशुद्धीकडे झुकत असेल तरच, कातळावर, चारी बाजूंनी गवत काढून आणि शेवटी पाणी ओतून. पावसाळ्यात तर बहुधा आग पेटतच नाही, म्हणून ऊब ही कपडे आणि ताडपत्रीतून मिळेल असंच गृहीत धरा.

दहावी पायरी: भरण्याचा क्रम

अंधारात, पावसात, एका हाताला लागलेलं असताना काय आधी लागेल याचा विचार करून भरा. सगळ्यात खाली कोरड्या कपड्यांचा संच. त्यावर पाठीच्या बाजूला पाणी आणि खाणं, म्हणजे वजन कण्याजवळ राहतं आणि सॅक मागे खेचत नाही. बाहेरच्या बाजूला फोम आणि प्रथमोपचार. प्लास्टिकच्या पिशवीच्या वर, पण झाकणाखाली ताडपत्री आणि पॉन्चो, कारण पाऊस आला की आतली पिशवी न उघडता हे दोन हातात यायला हवेत. झाकणाच्या खिशात हेडटॉर्च, चाकू, काडेपेटी. पाण्याची एक बाटली बाजूच्या खिशात. शिट्टी आणि मोबाइल अंगावर, सॅकमध्ये नव्हे. घसरून सॅक दरीत गेली तरी या दोन गोष्टी तुमच्याजवळ राहिल्या पाहिजेत.

गट असेल तर ताडपत्री आणि प्रथमोपचार वाटून घेण्याचा विचार येतो. चौघांत दोन ताडपत्र्या पुरतात, हे खरं. पण पाणी, टॉर्च, शिट्टी, कोरडे कपडे आणि पॉन्चो प्रत्येकाचे स्वतःचे हवेत. वाट चुकते तेव्हा गट बहुतेक वेळा फुटलेलाच असतो.

अकरावी पायरी: घरीच रंगीत तालीम

सॅक भरली म्हणजे तयारी झाली असं नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री गच्चीवर किंवा अंगणात जा, दिवे बंद करा, हेडटॉर्च लावा आणि ताडपत्री बांधून दाखवा. सातूचं पीठ पिशवीत कालवून खा. फोमवर चार तास पडून बघा. कुठली गाठ सुटते, कुठली पिशवी शोधायला वेळ लागतो, कानटोपी कशी विसरली जाते हे तिथं कळतं. भरलेली सॅक घेऊन बादलीभर पाणी वरून ओतून घ्या आणि आतले कपडे तपासा. नंतर तीच सॅक पाठीवर घेऊन पुण्यात पर्वती किंवा सिंहगड, मुंबईकरांनी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीची वाट चढून या. खांदे दुखले तर यादीवर पुन्हा एकदा नजर फिरवा. पाणी, ताडपत्री आणि कोरडे कपडे या तिघांना मात्र हात लावू नका.

वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, सॅक पूर्ण रिकामी करा. औषधं आणि क्लोरीनच्या गोळ्यांच्या मुदती बघा. शेंगदाणे खवट झाले असतील तर लाडू नवे करा. सेल बदला, काडेपेटी ओढून बघा, ताडपत्री उन्हात पसरून छिद्रं तपासा आणि चिकटपट्टीनं बुजवा. कापराची डबी उघडी राहिली असेल तर वड्या उडून गेलेल्या असतात, नव्या भरा. चंदेरी ब्लँकेट घडीवर चिरलं असेल तर तेही बदला. पॉवरबँक दर महिन्याला चार्ज करा.